होम थिएटरची खोली : यंत्राचे बिल मोठे, पण काम कापडाचे

आमच्या तिरोड्यात पूर्वी घर बांधणारा माणूस दुकानात आला की दोनच गोष्टी मागायचा. दारा-खिडक्यांचे पडदे आणि दिवाणावरचा पलंगपोस. आता तिसरी मागणी सुरू झाली आहे. "शेठ, वरच्या मजल्यावर टीव्हीची वेगळी खोली काढली आहे, थिएटरसारखी. त्याला पडदे पाहिजेत." धानाचा चुकारा हाती आलेला शेतकरी असो, राईस मिलवाला असो, शिक्षक असो की येथील 3300 मेगावॅटच्या वीज प्रकल्पात नोकरी करणारा इंजिनिअर असो, नव्या घराच्या नकाशात ही खोली दिसू लागली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. प्रोजेक्टरवरचाही तसाच कमी झाला. त्यामुळे ही मागणी आणखी वाढणार, असा आमचा अंदाज आहे.

कापड व्यापाऱ्याने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण असे की, या खोलीत यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक काम कापडाचे असते आणि ही गोष्ट ना ग्राहकाला माहीत आहे, ना आमच्या व्यापारी बांधवांना. ग्राहक लाख-दीड लाखाची यंत्रे नागपूरहून आणतो आणि उघड्या टाईल्सच्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत ठेवतो. मग संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवतो, आवाज वाढला की शेजारी भांडायला येतो, आणि तेव्हा तो आमच्याकडे 'साऊंडप्रूफ पडदा' मागायला येतो. येथेच आमच्या हातून एक चूक झाली. ती प्रथम सांगतो.

आमची चूक

2018 सालची गोष्ट. गावातील एका ओळखीच्या ग्राहकाने अशी खोली तयार केली. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या घरामध्ये एकच सामाईक भिंत. पलीकडच्या खोलीत शेजाऱ्याच्या वृद्ध आई आजारी पडून होत्या. ग्राहक म्हणाले, "शेठ, त्यांना त्रास नाही झाला पाहिजे. असा पडदा द्या की आवाज तिकडे जाणारच नाही." आमच्याकडे त्याच महिन्यात जाड पडद्याचा नवा माल आला होता. ज्या ठोक व्यापाऱ्याकडून आला, त्याने थानावर चिठ्ठीच लावली होती की हा आवाज रोखणारा पडदा आहे. आम्ही ती चिठ्ठी वाचून दाखवली आणि माल विकला. शिलाईसह बिल बावीस हजारांचे झाले.

पंधरा दिवसांनी ते परत आले. रागावले नव्हते, ओशाळले होते. म्हणाले, "शेठ, पडदे लावून झाले, आवाज तं तेवढाच जाते. शेजारचा भाऊ काल हात जोडून उभा होता." आम्ही त्यांच्या घरी गेलो, सिनेमा लावायला सांगितला आणि शेजारच्या घरात जाऊन बसलो. संवाद थोडे कमी ऐकू येत होते, परंतु ढोलाचा धमाका पलंगाच्या पाट्यापर्यंत पोहोचत होता. त्या माऊली डोळे मिटून पडल्या होत्या. आम्हाला तेथे पाच मिनिटेही बसवले नाही.

कापलेले, शिवलेले कापड परत घेण्याची रीत आमच्या धंद्यात नाही. तरी आम्ही पूर्ण रक्कम परत केली, कारण कापडात ऐब नव्हता, आमच्या बोलण्यात होता. चिठ्ठी ठोक व्यापाऱ्याची असली तरी जीभ आमची होती. त्यानंतर आम्ही या विषयावरची पुस्तके मिळवली आणि आमच्या चिरंजीवाकडून समजावून घेतली. जे कळले ते पुढे देत आहोत.

आवाज रोखणे वेगळे, आवाज जिरवणे वेगळे

सगळा घोटाळा या दोन गोष्टी एक समजल्याने होतो.

आवाज पलीकडे जाऊ न देणे हे वजनाचे काम आहे. जितका भार जास्त, तितका आवाज अडतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला चारशे किलोहून जास्त भरते. आमच्या दुकानातला सर्वात जड मखमली पडदा 600 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 600 ग्रॅम. दुप्पट चुण्या घातल्या तरी सव्वा किलोच्या आत. जो आवाज चारशे किलोच्या भिंतीतून पलीकडे गेला, तो सव्वा किलोच्या कापडाने कसा अडणार? हा हिशेब तराजू हातात धरणाऱ्या माणसाला समजायला हवा होता. आम्हाला तो समजला नव्हता.

खोलीच्या आत घुमणारा आवाज जिरवणे हे मात्र कापडाचेच काम आहे. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो. एक शब्द विरतो न विरतो तोच दुसरा त्यावर येऊन पडतो, म्हणून संवाद कळत नाहीत. कापडातील बारीक पोकळ्यांत हवा शिरते, धाग्यांशी घासते आणि आवाजाची शक्ती तेथे संपते.

या शास्त्राची सुरुवातच गाद्यांनी झाली, हे वाचून आम्हाला नवल वाटले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह तयार झाले. बोललेला शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे व्याख्यान कोणाला समजेना. वॉलेस सेबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकावर दुरुस्तीचे काम सोपवण्यात आले. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधील बाकांवरच्या गाद्या उचलून आणल्या आणि किती गाद्या ठेवल्या की आवाज किती सेकंदांत विरतो, हे मोजले. हे काम रात्री, सगळीकडे शांतता झाल्यावर चाले. त्यातून जे सूत्र निघाले त्याच्या आधारे 1900 साली बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला आणि आजही सभागृहे बांधताना ते सूत्र वापरतात.

गज आणि ग्रॅमचा हिशेब

ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांत कापडाचे तक्ते दिलेले असतात. मध्यम पट्टीचा, म्हणजे माणसाच्या बोलण्याजवळचा आवाज धरला तर 340 जीएसएमची मखमल भिंतीला सपाट लावली असता शंभरातले 11 हिस्से जिरवते. 475 जीएसएमची मखमल दुप्पट चुण्या घालून सोडली, तर 49 हिस्से. फरक वजनाचा आहेच, पण चुण्यांचाही आहे. मात्र ढोल-तबल्याच्या खर्जाला हीच दुसरी मखमल शंभरातले जेमतेम 7 हिस्से जिरवते. पातळ, चकचकीत पॉलिएस्टरचा पडदा दिसायला कितीही भारी असला तरी या कामात जवळपास बिनकामाचा.

आता आपल्याकडे नेहमी असते तशी खोली घेऊ. 12 फूट रुंद, 16 फूट लांब, 10 फूट उंच. प्लास्टरच्या भिंती, टाईल्सची फरशी, सामान काही नाही. सेबाईनच्या सूत्राने हिशेब केला तर आवाज विरायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. फक्त एका रुंदीच्या भिंतीवर चुण्यांची मखमल सोडली तर हा वेळ एक सेकंदाच्या जवळ येतो. समोरची आणि मागची अशा दोन्ही भिंतींवर मखमल आणि फरशीवर जाड गालिचा टाकला तर सुमारे अर्धा सेकंद. घरच्या थिएटरला एवढे पुरे आहे.

कापड किती लागेल? भिंत 12 फुटांची, चुणीसाठी दुप्पट म्हणजे 24 फूट. 48 इंच पन्ह्याचे कापड घेतले तर सहा पट्टे. दुमड धरून प्रत्येक पट्टा 11 फुटांचा. एकूण 66 फूट, म्हणजे 22 गज. दोन भिंतींना 44 गज. ग्राहकाने हा हिशेब घरूनच करून यावा आणि दुकानदाराने त्याच्यासमोर कागदावर करून दाखवावा. चुण्या कमी करून पैसे वाचवू नयेत. त्यापेक्षा एकच भिंत घ्यावी, पण पुरी घ्यावी.

सगळ्या भिंती कापडाने मढवण्याचाही मोह नको. कापड तार आवाज पटकन जिरवते आणि खर्ज तसाच सोडते. त्यामुळे फार कापड झाले की खोली दबकी वाटते, उशीत तोंड घालून बोलल्यासारखी.

पिंजारी बांधवांचे काम

खर्ज जिरवायचा तर जाडी पाहिजे. येथे आपल्या जुन्या कारागिरांचा विचार मनात येतो. फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजाऱ्यांचे काम बुडत चालले आहे. ज्या घरांतून पूर्वी दर हिवाळ्यात कापूस पिंजायला बोलावणे येई, तेथे आता कोणी विचारत नाही. परंतु मोकळा पिंजलेला कापूस आवाज जिरवण्यात उत्तम असतो. परदेशात भिंतीत घालण्यासाठी कापसाच्या लाद्या तयार करून विकल्या जातात. लाकडाची चार इंच खोल चौकट घ्यावी, तीत पिंजलेला कापूस एकसारखा भरावा, टाके घालावेत म्हणजे तो खाली बसणार नाही, आणि वरून जाळीदार सुती कापड ताणून बसवावे. ही चौकट भिंतीपासून दोन इंच पुढे टांगली तर आणखी खालचा आवाज पकडते. बाजूच्या भिंतींवर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला दोन-दोन आणि मागच्या कोपऱ्यांत एकेक चौकट लावावी. सर्वात खालचा धमाका यानेही पुरता जिरत नाही, पण बोचत नाही.

वरचे कापड कसे निवडावे, याची सोपी परीक्षा आहे. कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारावी. हवा पलीकडे गेली तर आवाजही जाईल. स्पीकरवर घालण्याच्या कापडालाही हीच परीक्षा. रेक्झिन या परीक्षेत नापास होते, म्हणून सोफासुद्धा रेक्झिनऐवजी कापडाचा असावा.

सुतार, पिंजारी, शिंपी आणि सोफा मढवणारा असे चार कारागीर एका खोलीत कामाला लागतात. हे चौघे आपल्या गावात आहेत. त्यांना एकत्र आणणारा दुकानदार नाही, म्हणून काम नागपूरच्या सजावटवाल्याकडे जाते.

आगीची गोष्ट लपवू नये

या खोलीत यंत्रे तापतात, तारा पसरलेल्या असतात, दार-खिडक्या बंद असतात आणि चोहीकडे कापड असते. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमात आग लागली. वर कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मंडप होता, तो पेटून खाली बसलेल्यांवर पडला आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले फार होती. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 जण गेले, ते मुख्यतः धुराने गुदमरून. कापड विकणाऱ्याने या दोन तारखा विसरू नयेत.

धाग्याची परीक्षा प्रत्येक बजाज जाणतो. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि राख होते, लोकर केसासारखी जळते व विझू पाहते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ग्राहकासमोर एक धागा जाळून दाखवावा. आग सहज न पकडणारे पॉलिएस्टरचे पडदे बाजारात मिळतात, सुती कापडावरही तशी प्रक्रिया होते. किंमत जास्त पडते, पण सांगावे अवश्य. धुतल्यावर ती प्रक्रिया टिकते की नाही, हेही विचारून घ्यावे. कापसाच्या चौकटीत तार नेऊ नये, विजेच्या बोर्डाजवळ पडदा लोंबू देऊ नये. परदेशातील कापसाच्या लाद्यांना बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेली असते, ती आगीसाठीही आणि किड्यांसाठीही. खोलीचे दार आतून चटकन उघडेल असे असावे.

रंग, ओल आणि शेजार

कापड गडद आणि बिनचमकीचे घ्यावे. विटकरी, गडद निळा, करडा, काळा चालेल. साटीन नको, पडद्यावरचा उजेड त्यावर पडून डोळ्यांत येतो. मखमलीची लव सर्व पट्ट्यांत एकाच दिशेने ठेवावी, नाहीतर एकाच थानाचे कापड दोन रंगांचे दिसते. सगळे कापड एकाच लॉटचे घ्यावे. थोडे आज, थोडे पुढच्या महिन्यात असे केले की छटा जुळत नाही.

आमचा भाग धानाचा आणि पावसाचा. भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर आधी ओल बंद करावी, मगच कापडाला हात लावावा. पडदा भिंतीपासून चार-सहा इंच पुढे टांगावा. त्याने मागे हवा खेळते, बुरशी धरत नाही आणि आवाजही जास्त जिरतो. दसऱ्याच्या सुमारास पडदे उतरवून, झटकून ऊन दाखवावे. मिलच्या बाजूला घर असेल तर कोंड्याची धूळ बसते, त्यांनी वर्षातून दोनदा हे करावे.

आणि शेजाऱ्याचे काय? त्याचे उत्तर कापडात नाही, नकाशात आहे. सामाईक भिंतीला लागून ही खोली काढू नये. मध्ये जिना, कपाट किंवा सामानाची खोली येऊ द्यावी. दार पोकळ प्लायचे न घेता भरीव लाकडाचे घ्यावे, त्याच्या फटींना रबराची पट्टी लावावी, कारण जेथून हवा जाते तेथून आवाजही जातो. मोठा खर्जाचा डबा शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नये. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त जाता कामा नये, असेही त्यात आहे. पण कायद्याची गोष्ट नंतरची. भिंतीपलीकडे कोण झोपले आहे, हे आपल्याला माहीत असते.

व्यापारी बांधवांना विनंती

आमच्या त्या ग्राहकाने पुढे काय केले, ते सांगून संपवतो. त्यांनी खोलीच बदलली. यंत्रे घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेली. आम्ही परत घेतलेले तेच पडदे त्यांनी पुन्हा विकत घेतले, या वेळी खोलीतील घुमणारा आवाज जिरवण्यासाठी. गालिचाही घेतला. संवाद स्वच्छ ऐकू येऊ लागले तेव्हा आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवूनही काम भागू लागले. शेजाऱ्याची झोप राहिली ती यामुळे.

कपड्यालत्त्याचे निम्मे गिऱ्हाईक आता मोबाईलवरून माल मागवते, हे दुःख आपण सर्वजण रोज एकमेकांना सांगतो. परंतु खोलीचे माप घ्यायला, टाळी वाजवून पाहायला, ओल आहे की नाही हे भिंतीला हात लावून सांगायला मोबाईल येत नाही. पानिपतचा गालिचा आणि सुरतेचा पडदा कोणीही मागवू शकतो. त्या खोलीला काय लागते आणि काय लागत नाही, हे सांगणारा माणूस गावातच पाहिजे. तो आपण व्हावे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. थानावर जीएसएम लिहून ठेवावे आणि ग्राहकाने विचारण्याआधी सांगावे. 'साऊंडप्रूफ' हा शब्द पडद्याच्या बाबतीत तोंडातून काढू नये, ठोक व्यापाऱ्याची चिठ्ठी आली तर फाडून टाकावी. आणि ज्या ग्राहकाला शेजाऱ्याकडे जाणारा आवाज रोखायचा आहे, त्याला पडदा न विकता गवंड्याकडे पाठवावे. त्या दिवशी गल्ल्यात काही पडणार नाही. पण तोच माणूस मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याच दुकानात येईल, असा आमचा अनुभव आहे.